वीस तारखेला खाण्याचं बजेट कोसळतं? बिघाड कुठे असतो आणि तो कसा काढायचा

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. एक तारखेला ठरतं, या महिन्यात खाण्यापिण्याचा खर्च आटोक्यात ठेवायचा. वाण्याची यादी दोनदा तपासली जाते, काजू-बदाम खोडले जातात, तांदूळ एक पायरी खालचा येतो. पहिले आठ-दहा दिवस छान जातात. मग एक दिवस ऑफिसातून यायला उशीर होतो आणि बाहेरून मागवलं जातं. फ्रिजमधली मेथी पिवळी पडते. मुलं भोपळ्याच्या भाजीकडे बघून ताट सरकवतात. वीस तारखेला बेरीज केली की आकडा मागच्या महिन्याएवढाच, कधी जास्तच. पुढच्या एक तारखेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत, माहेरी, ऑफिसात, सगळीकडे हेच ऐकते. आणि उपाय म्हणून जो तो पहिली कात्री वाण्याच्या यादीला लावतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण बिघाड बहुधा तिथे नसतोच. शहरातल्या घरात पैसा जातो तो भुकेच्या वेळी घरात खायला तयार काही नसतं म्हणून. ती वेळ सांभाळली तर डाळ-तांदळाला हात लावावा लागत नाही. ती सांभाळली नाही, तर डाळ-तांदळात कितीही काटकसर करा, उपयोग होत नाही.

आधी बिघाड शोधा

एखाद्या रविवारी तासभर काढा. मागच्या महिन्याचा खर्च तीन रकान्यांत लिहा. पहिल्यात वाणसामान. दुसऱ्यात दूध, भाजी, फळं, अंडी, मटण-मासळी. तिसऱ्यात सगळं तयार खाणं: हॉटेल, घरी मागवलेलं, बेकरी, फरसाण, बिस्किटं, वडापाव, टपरीवरचा चहा, कॅन्टीन, शीतपेयं. हल्ली हा तिसरा रकाना रोख पैशांत दिसत नाही, त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या फोनवरचा यूपीआयचा हिशेब उघडावा लागतो. इथे एक पथ्य पाळा. कोणी किती खाल्लं हे विचारायचं नाही, नुसती बेरीज घ्यायची. नाव निघालं की भांडण होतं, आणि पुढच्या महिन्यात कोणी फोन दाखवत नाही.

तुमचा तिसरा रकाना मोठा निघाला तर दचकू नका, शहरात सगळीकडे तसंच आहे. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भागात महिन्याच्या एकूण खर्चातला ३९.१७ टक्के वाटा खाण्याचा होता. त्यात धान्यं ३.६४ टक्के आणि भाज्या ३.८० टक्के. पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेलं खाणं मात्र १०.६४ टक्के. म्हणजे खाण्यावर खर्च होणाऱ्या दर शंभर रुपयांतले सत्तावीस तयार खाण्यावर जातात आणि धान्य-भाजी मिळूनही त्याला पुरी पडत नाहीत. असं असताना आपण भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो.

कागदावर मांडून बघा. महिन्याला तीन किलो तूरडाळ लागते आणि लांबच्या दुकानात ती किलोमागे दहा रुपयांनी स्वस्त मिळाली, तर वाचले तीस रुपये. तेच चार माणसांसाठी आठवड्यातून दोनदा, एका वेळी सहाशे रुपयांचं बाहेरून आलं, तर महिन्याला पाच हजारांच्या वर गेले. त्यातली एक वेळ घरच्या थालीपिठाने भागली तरी अडीच हजार राहतात. डाळ फुकट मिळाली तरी तिच्यातून एवढे वाचणार नाहीत.

खाण्यावरच्या खर्चात तिसरा रकाना पाव हिश्शाच्या आसपास किंवा वर असेल तर पुढचा भाग आधी वाचा. तो खरोखरच लहान असेल तर भाजी आणि वाणसामानाकडे वळा, तुमचा बिघाड तिकडे आहे.

संध्याकाळी साडेपाच ते आठ

पुण्यातल्या नोकरदार घरात सगळ्यात महागडी वेळ ही. मुलं शाळा-क्लासमधून येतात, मोठी माणसं वाहतुकीतून वाट काढत घरी पोचतात, आजी-आजोबांची चहाची वेळ टळून गेलेली असते. जेवायला अजून दोन तास असतात. ‘आई, खायला काय आहे?’ या प्रश्नाला घरात उत्तर नसलं की कोपऱ्यावरच्या बेकरीचं पॅटिस, स्वीट मार्टमधला सामोसा, नाहीतर फोनवरून दहा मिनिटांत येणारं काहीतरी घरात येतं. त्याने पोट अर्धवट भरतं, रात्रीचं जेवण कमी जातं, केलेली भाजी उरते आणि दुसऱ्या दिवशी टाकली जाते. एका सामोशाचे पैसे असे दोनदा जातात. ही दुसरी बाजू कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

यावर ‘उद्यापासून बाहेरचं बंद’ असं म्हणून भागत नाही. साडेपाचला पंधरा मिनिटांत ताटलीत येईल असं घरात काहीतरी कायम असायला हवं, आणि ते करायला शाळेतल्या मुलालाही जमायला हवं. आपल्या आज्यांची स्वयंपाकघरं याच तत्त्वावर चालत. भाजणी, मेतकूट, सांडगे, पापड, डांगराचं पीठ, ही सगळी आधी करून ठेवलेली कामं.

भाजणीपासून सुरुवात करा, असं मी सगळ्यांना सांगते. ज्वारी, बाजरी, तांदूळ अर्धा अर्धा किलो. गहू, हरभराडाळ, उडीद, मूग पाव पाव किलो. धने शंभर ग्रॅम, जिरे पन्नास ग्रॅम. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं. उडीद आणि तांदूळ एकत्र भाजू नका, दोघांना लागणारा वेळ वेगळा आहे. पूर्ण गार झाल्यावर गिरणीत द्या. गरम भाजणी डब्यात भरली तर आत वाफ धरते आणि महिनाभरात वास येतो. एवढ्या पिठाची चाळीसेक थालीपिठं होतात. आता ती साडेपाचला कशी उपयोगी पडते ते बघा. परातीत दोन वाट्या भाजणी, एक बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, हळद, कोथिंबीर, कोमट पाणी. गोळा तयार. तवा गार असतानाच त्याला तेलाचं बोट फिरवून त्यावर थालीपीठ थापा, मध्ये भोक पाडा, मग गॅस लावून झाकण ठेवा. गार तव्यावर थापायचं असल्याने मुलांचा हात भाजत नाही. त्यामुळे ही जबाबदारी त्यांच्यावर निर्धास्त टाकता येते. पुढच्या थालीपिठाआधी तवा उलटा करून त्यावर पाणी शिंपडा किंवा दोन तवे आलटूनपालटून वापरा. जोडीला लोणी नसलं तर दही, दही नसलं तर शेंगदाण्याची चटणी.

दुसरी गोष्ट मोड. मटकी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड तयार. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे मोड हटून बसतात, तेव्हा गाठोडं बंद ओव्हनमध्ये किंवा जाड कापडात गुंडाळून ठेवायचं आणि अर्धा दिवस जास्त द्यायचा. पाव किलो मटकीची मोड आल्यावर अर्धा किलोच्या वर भरते. त्यातली निम्मी उसळीला काढा. उरलेली किंचित वाफवून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस टिकते. चुरमुरे, ती मटकी, कांदा, टोमॅटो आणि चिंच-खजुराची चटणी. ही चटणी एकदाच जास्त करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवली तर भेळ पाच मिनिटांत होते.

यापलीकडे फार काही लागत नाही. पोहे आणि रवा घरात असतातच. सकाळच्या दोन पोळ्या मुद्दाम जास्त करा, संध्याकाळी फोडणीची पोळी होते. उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे, केळी. डब्यांची जागाही महत्त्वाची आहे. चिवड्याचा डबा वरच्या फळीवर आणि बिस्किटांचा पुडा टेबलावर असेल तर कोणता आधी संपेल हे सांगायला नको.

‘घरचे खात नाहीत’

खर्चाची शिस्त मोडण्याचं दुसरं मोठं कारण हे, आणि यात दोष बहुतेक वेळा खाणाऱ्यांचा नसतो. काटकसर म्हणून घरात अचानक जे शिजायला लागतं ते ताटात शिक्षेसारखं वाढलं जातं. सोमवारी दुधी, मंगळवारी भोपळा, बुधवारी कोबी. चवथ्या दिवशी कोणीही हॉटेलची वाट धरेल.

पदार्थ स्वस्त करायचा तर तो घरातल्या माणसांना आधीपासून आवडणाऱ्या पदार्थांतलाच निवडा. रविवारी एकत्र बसून प्रत्येकाला विचारा, तुला घरचं काय आवडतं? पुण्यातल्या मराठी घरात जी नावं येतात त्यांतली अर्ध्याहून अधिक मुळातच स्वस्त असतात. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, चकोल्या, कढी-खिचडी, थालीपीठ, दडपे पोहे, शेंगदाण्याची आमटी, मसालेभात. चकोल्यांचंच बघा. वरण, कणीक, गूळ, आमसूल, गोडा मसाला, वरून तुपाची धार. भाजी लागत नाही, वेगळा भात लागत नाही, आणि एकाच पातेल्यात चौघांचं पोटभर जेवण होतं. आमच्याकडे चकोल्यांच्या दिवशी कोणीही बाहेरच्या खाण्याचं नाव काढत नाही. या यादीतले पदार्थ आठवड्यात चार वेळा येऊ द्या. नको असलेल्या भाज्यांची सक्ती एकदाच, आणि तीही चटकदार करून. दुधीची भाजी नको असेल तर किसून थालीपिठात जाते, भोपळा घारग्यांत जातो.

रविवारची मिसळ बंद करू नका, हे आग्रहाने सांगते. ज्या घरात एखादा ठरलेला आनंद असतो, तिथे मधले सहा दिवस शिस्त पाळली जाते. त्यासाठी बाहेरच्या खाण्याची रक्कम महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळी काढा आणि ती कशी खर्चायची ते मुलांना ठरवू द्या. एकदा मोठं हॉटेल की चार वेळा मिसळ, हा निवाडा तेरा-चौदा वर्षांची मुलंसुद्धा फार विचारपूर्वक करतात. आईने ‘नाही’ म्हटलं की हट्ट होतो. पाकिटात किती उरले ते स्वतः मोजलं की हट्टच राहत नाही.

सासू-सासरे घरात असतील तर त्यांच्या सवयींना शेवटी हात लावा. सत्तरीतल्या माणसाला चार वाजता दोन खारी लागत असतील तर त्या लागू द्यात. त्यांच्याकडून सवय सोडवण्यापेक्षा त्यांच्याकडून शिकण्यात जास्त बचत आहे. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, सायीचं विरजण लावून घरचं तूप, उरलेल्या वरणाचं दुसऱ्या दिवशी थालीपीठ, हे माझ्या सासूबाईंना सहज येतं. ‘आई, हे तुम्ही दाखवा ना,’ म्हटल्यावर त्या उत्साहाने पुढे होतात. घरातल्या मोठ्यांना नियम ऐकवण्याऐवजी असं काम दिलं की तेही तुमच्या बाजूने उभे राहतात.

भाजी सडते

भाजीवरचा खर्च वाढतो त्याचं कारण भावाइतकंच फेकलेली भाजी हेही आहे. मार्केट यार्डातून किंवा शेतकरी आठवडे बाजारातून आठ दिवसांची भाजी एकदम आणली की पिशवी स्वस्त पडते. शुक्रवारी त्यातला पाव हिस्सा कचऱ्यात गेला तर ती स्वस्ताई तिथेच संपते.

क्रम लावून वापरा. आणल्यापासून पहिले दोन दिवस पालेभाज्या. पुढचे दोन दिवस भेंडी, गवार, वांगी, फ्लॉवर. मग कोबी, दुधी, भोपळा, बटाटा. शेवटच्या दिवशी कडधान्य किंवा पिठलं. हा क्रम फ्रिजवर चिकटवला तर ‘आज काय करू’ हा रोजचा प्रश्नही सुटतो. आणि माझ्या अनुभवात त्या प्रश्नाला कंटाळूनच निम्मी घरं बाहेरून मागवतात. पालेभाजी आणल्या दिवशीच निवडा, पण धुऊ नका. कोरड्या फडक्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवा. कोथिंबिरीची मुळं कापून टाका आणि काड्या वाटणात वापरा, पानांपेक्षा त्यांनाच जास्त स्वाद असतो. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर खराब होतात.

भाव वर्षभर सारखे नसतात हे सगळ्यांना माहीत असतं, यादी मात्र बारा महिने तीच असते. थंडीत भाज्या मुबलक असतात, तेव्हा ताटात दोन भाज्या वाढा आणि मटार सोलून गोठवून ठेवा. पितृपक्षात गवार, भेंडी, कारली, भोपळा यांची मागणी चढते, त्या पंधरवड्यात घरच्या श्राद्धापुरतंच घ्या आणि एरवी कडधान्यांवर राहा. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला तेव्हा घराघरांत हाहाकार उडाला, पण आपल्या आमटीला टोमॅटो कधीच लागत नव्हता. आमसूल आहे, चिंच आहे. आंबटपणासाठी टोमॅटोवर अवलंबून राहणं ही अलीकडची सवय आहे आणि ती सहज सुटते.

मंडईत जाणं तुमच्या वाटेवर असेल तरच जा. कोथरूड किंवा वारज्याहून खास रिक्षा करून गेलात तर भाड्यातच फरक निघून जातो. घराजवळच्या एका भाजीवालीकडे नियमित घ्या. ती रात्री गाडी आवरताना उरलेली भाजी कमी भावात देते, खराब असेल तर स्वतःच सांगते, आणि मूठभर कढीपत्ता फुकट घालते. ही ओळख मोठ्या दुकानातल्या सवलतीपेक्षा मोलाची आहे.

वाणसामान: काय कमी करू नये

इथे मी कात्रीच्या विरोधात आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांचं दिवसाचं ताट दिलं आहे. त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम आहे. चार मोठ्या माणसांच्या घराला या मापाने महिन्याला दहा किलोच्या आसपास डाळी-कडधान्यं लागतात. मांस-अंडी खाणाऱ्यांना थोडी कमी चालतील. आपल्या बहुतेक यादीत सगळ्या डाळी मिळून चार-पाच किलो असतात, आणि बचत म्हणून आपण त्यातूनही कापतो. मग पोट भरत नाही, तासाभरात पुन्हा भूक लागते, आणि गाडी साडेपाचच्या पॅटिसवर येते. तूर महाग असेल तर मूग, मसूर, हरभरा, चवळी, मटकी, कुळीथ यांच्यावर वजन टाका, पण एकूण वजन उतरू देऊ नका. पनीरऐवजी शेंगदाणे आणि हरभरे ठेवले तर त्याच प्रथिनांसाठी पैसे कितीतरी कमी जातात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात.

कमी करण्यासारखं काय, तर तेल. वरच्याच मापाने चौघांना तूप धरून महिन्याला सव्वातीन किलो पुरतं. तुमच्याकडे पाच-सहा लिटर लागत असेल तर फोडणीच्या कढल्यात थेट डबा ओतणं थांबवा आणि चमच्याने घाला. आठवड्यातलं तळण एकदाच ठेवा. या एका गोष्टीत पैसा आणि तब्येत दोन्ही सांभाळले जातात.

तांदूळ घरच्यांना आवडतो तोच घ्या. आमच्याकडे इंद्रायणी चालतो. मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोरापासून काढलेला आणि १९८७ साली आलेला हा वाण वासाला चांगला आणि नुसत्या मेतकुटाबरोबरही जातो. स्वस्त म्हणून आणलेला फडफडीत तांदूळ पातेल्यात उरत असेल तर तो स्वस्त नाही.

वर्षाचा गहू भरण्याची पद्धत जागा असेल तरच पाळा. मार्च ते मेमध्ये नवा गहू येतो तेव्हा भुसार दुकानात भाव बरा असतो. कडक ऊन दाखवून, कोरड्या पत्र्याच्या डब्यात, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवला तर टिकतो. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावतात. फ्लॅटच्या दमट बाल्कनीत ठेवून जुलैत किडे पडणार असतील तर महिन्याचं महिन्याला आणा.

दही घरीच लावा. पिशवीच्या दुधाला रात्री विरजण लावायला दोन मिनिटं पुरतात आणि ते दही तयार कपापेक्षा फार स्वस्त पडतं. याहून जास्त सांगायची गरज नाही.

बचत कोणाच्या कष्टातून होते

ही बाब टाळली की बाकी सगळं दुरुस्त करूनही बिघाड परत येतो. घरचं खाणं स्वस्त पडतं ते करणारीच्या वेळेची किंमत आपण लावत नाही म्हणून. नोकरी करून आलेल्या बाईने भाजणी भाजायची, मोड आणायचे, मुलांना गरम वाढायचं, आणि बचतीचं समाधान घरभर वाटायचं, असं चाललं तर महिन्याभरात ती थकणार. थकलेल्या माणसाने बाहेरून मागवलं तर त्याला दोष देण्याचा कोणालाही हक्क नाही.

त्यामुळे कामं वाटून घेतल्याशिवाय खाण्याच्या सवयी बदलायला हात घालू नका. शनिवारी भाजी आणणं आणि निवडणं नवऱ्याकडे, मोड आणि दही मोठ्या मुलाकडे, संध्याकाळचं खाणं जो आधी घरी येईल त्याच्याकडे. लसूण सोलणं, दाणे भाजून कूट करणं, ओलं वाटण करून ठेवणं, ही कामं रविवारी सगळे मिळून तासाभरात उरकतात. पुरुषांना भाकरी येत नसेल तर पिठलं नक्की येईल, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि पोळ्यांच्या ताईंना काढून टाकून पैसे वाचवू नका. त्या येतात म्हणून पोळीभाजी घरी होते. त्या बंद झाल्या की आठवड्यातून तीनदा पोळीभाजी केंद्र किंवा हॉटेल सुरू होतं, आणि त्यांचा पगार त्यापुढे कमीच ठरतो. शिवाय आपल्या काटकसरीची किंमत दुसऱ्या घराच्या चुलीने का मोजावी? त्या आठवड्यातून दोन दिवस जास्तीची कणीक भिजवून ठेवतील का, हे विचारा, त्या कामाचे वेगळे पैसे द्या. माझ्या ओळखीतल्या अनेक घरांना एवढ्यानेच फरक पडला.

तरीही पुन्हा बिघडलं तर

महिन्याचा एकच आकडा धरू नका. वाणसामान आणि दूध महिन्यावर ठेवा. भाजी, फळं, अंडी, मांस-मासळी यांची रक्कम आठवड्याला वेगळी काढा आणि शक्यतो रोख ठेवा. एखादा आठवडा फसला तर पुढच्या शनिवारी नव्याने सुरुवात करता येते, एक तारखेची वाट पाहावी लागत नाही. फसलेल्या आठवड्याची भरपाई पुढच्या आठवड्यातून कापू नका, त्याने दोन्ही बिघडतात.

एकाच वारी पुन्हा पुन्हा बाहेरून येत असेल तर त्या वारी घरात काय घडतं ते बघा. क्लास उशिरा सुटतो का, ऑफिसात मीटिंग असते का, ताईंची सुट्टी असते का. त्या वाराचं जेवण आदल्या रात्रीच ठरवा आणि सगळ्यात सोपं ठेवा: खिचडी-कढी, नाहीतर वरण-भात आणि पापड. कुकरमध्ये डाळ-तांदूळ धुऊन, मसाला घालून झाकून ठेवले तर आधी येणाऱ्याने फक्त पाणी घालून गॅस लावायचा. उन्हाळ्यात मात्र भिजलेले डाळ-तांदूळ बाहेर ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा.

गणपती, नवरात्र, दिवाळी, मे महिन्यातले पाहुणे, हे महिने नेहमीच्या आकड्यात बसत नाहीत. त्यांना ओढूनताणून बसवलं की घरात सणाच्या दिवशी कटकट होते. जानेवारीपासून दर महिन्याला थोडी रक्कम यासाठी वेगळी टाका आणि त्या दिवसांत मनासारखं करा, खाऊ घाला.

हे सगळं करूनही दोन-तीन महिने खर्च उतरत नसेल, तिसरा रकाना लहान झाला असेल, भाजी वाया जात नसेल, तेल मापात असेल, तर सवयींत खोट राहिलेली नाही. भाव वाढले असतील, किंवा दहावी-बारावीतलं पोर पूर्वीच्या दुप्पट जेवायला लागलं असेल. अशा वेळी घरातल्या सगळ्यांसमोर कागद ठेवा आणि खाण्याची रक्कम वाढवून घ्या. ती कुठून आणायची हे कपडे, मोबाइल, गाडी आणि फिरण्याच्या खर्चात शोधा, ताटात नको.